अहवालांचा ‘वापर’ की ‘उपयोग’?

प्रश्न : संस्थेतील रिपोर्ट कोण उघडते आणि किती वेळा उघडते, याची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका तयार करायची आहे. ‘अहवाल-उपयोग मागोवा प्रणाली’ हे शीर्षक योग्य ठरेल का?

उत्तर : ‘मागोवा’ राहू द्यावा, ‘उपयोग’ मात्र काढावा. ‘या रिपोर्टचा वापर होत नाही’ म्हटले, की तो कोणी उघडत नाही एवढेच कळते; ‘या रिपोर्टचा उपयोग होत नाही’ म्हटले, की उघडूनही हाती काही लागत नाही, अशी तक्रार त्यात येते. ही तक्रार खरी की खोटी, हे सॉफ्टवेअरला कळण्याचा मार्गच नसतो.

मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस’ या रिपोर्ट तयार करून देणाऱ्या प्रणालीतील नोंदवही पाहिली तर हे स्पष्ट होते. तिच्या एकेका ओळीत रिपोर्ट कोठे ठेवला आहे, कोणाच्या नावाने मागवला, पडद्यावर उघडला की पीडीएफ वा एक्सेलमध्ये घेतला, माहिती आणण्यात, तिच्यावर प्रक्रिया करण्यात आणि मांडणीत किती मिलिसेकंद गेले, हे सारे येते. त्यातील आकड्यांवरून कोणी काही निर्णय घेतला का, हे अर्थातच येत नाही. शिवाय रोज पहाटे ठरल्या वेळी ईमेलने आपोआप जाणारा विक्रीचा रिपोर्टही त्याच वहीत चढतो, मग तो ईमेल कोणी उघडो वा न उघडो. अशी स्वयंचलित मागणी वेगळी ओळखू येईल असा रकाना तेथे आहे. पण सरसकट बेरीज करणारा तो बघतोच असे नाही.

पुरवणी : वरील उत्तर मान्य आहे, पण या नोंदींना ‘वापर’ म्हणणेही थोडे जास्तच होते. कार्यालयात आपण ‘रिपोर्ट काढला’ असे म्हणतो, आणि ही वही नेमके तेवढेच टिपते. म्हणून आतल्या तक्त्यांना ‘अहवाल काढल्याच्या नोंदी’ असे साधे नाव द्यावे आणि ‘वापर’ हा शब्द शीर्षकापुरता ठेवावा.

‘मागोवा’ सौम्य आहे, हे बरे. ‘माग काढणे’ म्हटले की चोर आठवतो आणि ‘पाळत’ म्हटले की संशय येतो. ही शंका कर्मचाऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे, कारण नोंदीत नावे असतात. मायक्रोसॉफ्टच्याच ‘पॉवर बीआय’ या रिपोर्ट बनवण्याच्या दुसऱ्या साधनात तर वापराच्या आकडेवारीतून व्यक्तींची नावे वगळण्याची सोय प्रशासकाला दिलेली आहे. पुस्तिकेत नावांविषयी काय धोरण आहे ते लिहिले नाही, तर शब्द कितीही सौम्य निवडला तरी वाचणारा ‘पाळत’च समजेल.

आणखी एक शब्द जपून वापरावा : ‘निरुपयोगी’. वर सांगितलेल्या ‘रिपोर्टिंग सर्व्हिसेस’मध्ये मुदत वाढवली नसेल तर नोंदी ६० दिवसच टिकतात. ३१ मार्चला वर्ष संपल्यावर एप्रिलमध्ये काढलेल्या वार्षिक ताळेबंदाच्या रिपोर्टची एकही नोंद सप्टेंबरमध्ये सापडणार नाही, आणि जुन्या रिपोर्टच्या साफसफाईला बसलेला माणूस त्यावर ‘निरुपयोगी’ असा शेरा मारून मोकळा होईल. तेथे ‘गेल्या ६० दिवसांत न काढलेले अहवाल’ असे लांबलचक शीर्षक द्यावे. रकाना थोडा रुंद करावा लागला तरी हरकत नाही.