गौरीजेवणाला जाहिरात, आठवड्यात जॉइनिंग: विद्यापीठातल्या या भरतीचं करायचं काय?

खाडीकाठचा_कारकून

नमस्कार मंडळी. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या टेबल जाईल. सरकारी आहे एवढं पुरे. मी परीक्षा विभागात सात वर्षं कंत्राटी क्लार्क, म्हणजे दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसायचं आणि मग परत नवीन ऑर्डर. हातात साडेचौदा हजार, तेही तीन महिने झालेले नाहीत, विचारलं की "निधी नाही, फाईल वित्त विभागाकडे आहे". प्रिंटरचं कार्ट्रिज संपून दीड महिना झाला. बोनाफाईड मी पेनड्राइव्हवर घेऊन स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणतो, उधारी माझ्या नावावर, आता तो पण म्हणतो पंधराशेच्या वर नको साहेब.

आणि याच निधी नसलेल्या ऑफिसात परवा एक विशेष कार्य अधिकारी रुजू झाले. जाहिरात कधी, तर गौरीजेवणाच्या दिवशी, लोकल पेपरात आतल्या पानावर. मला ती दिसली विसर्जनानंतर, निर्माल्य बांधायला पेपर घेतला तेव्हा. थेट मुलाखत चौथ्या दिवशी सकाळी ११ वाजता, म्हणजे अर्धं कोकण तेव्हा अजून एकमेकांकडे आरत्या करत होतं. पात्रता वाचा आता: कोणतीही पदवी आणि "सहकारी पतसंस्थेतील वसुली कामाचा किमान सहा वर्षांचा अनुभव". विद्यापीठात वसुली कोणाची करणार हे मला तरी कळलं नाही. आलेले गृहस्थ एका मोठ्या साहेबांच्या मेव्हण्याचे चिरंजीव, पतसंस्थेत सहा वर्षं तीन महिने. मानधन पन्नास हजार. आमच्या शेजारची दोन कपाटं हलवून त्यांना केबिन केली, एसी लावला, एसीचं पाणी ठिबकतं ते जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर, तर खाली बादली मी ठेवलीय आणि ती ओततो पण मीच.

तक्रार करू का, कोणाकडे करू, आणि केली तर माझं काय होईल? आणि सात वर्षं झाली म्हणून परमनंट वगैरे काही होतं का? आई म्हणते गप्प बस, देवाक गाऱ्हाणं घातलंय.

गजालीकार

मेल्या तू खंय व्हतंस इतके दिवस? आमच्याकडे जाहिरात भायर पडायच्या आधी मानूस खुर्चेत बसता. तुमच्याकडे निदान मुलाखत तरी घेतल्यानी. बादलीतला पानी मातर त्येच्याच टेबलावर ओत एकदा.

निवृत्त_अधीक्षक

३१ वर्षं आस्थापना विभागात काढली (दुसऱ्या विद्यापीठात), म्हणून जरा सविस्तर लिहितो, वैतागू नका.

तू माणसाच्या मागे लागला आहेस आणि सगळे तिथेच फसतात. माणूस कागदावर पक्का असतो रे. जाहिरात आहे, समिती आहे, गुणांचा तक्ता आहे, तीन उमेदवार आले आणि त्यातले दोन त्यानेच रिक्षात घालून आणलेले. तू पद बघ. हे पद आलं कुठून आणि पैसे कुठल्या लेखाशीर्षातून (म्हणजे बजेटातल्या कुठल्या खात्यातून) पडतात.

मंजूर आकृतीबंधातलं (शासनाने ठरवून दिलेल्या पदांच्या यादीतलं) पद असेल तर पगार शासनाच्या अनुदानातून. तिथे बिंदुनामावली (आरक्षणाचा तक्ता) तपासून आणावी लागते, वेतननिश्चिती सहसंचालक कार्यालयातून जाते, चार टेबलांवर फाईल अडते. म्हणून तिथे कोणी भाचा घुसवायला जात नाही, ती पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात आणि तुझ्यासारखा एकजण तिघांचं काम ओढतो. भाचे येतात स्वनिधीतून. स्वनिधी म्हणजे परीक्षा फी, कॉलेजांची संलग्नीकरण फी, मार्कशीट हरवली म्हणून पोरगा दुसरी प्रत मागायला येतो आणि पैसे भरतो ते. तिथे मंत्रालयातून कोणी रोज विचारत नाही. तुझा पगारही बहुतेक त्याच डब्यातला, म्हणून "निधी नाही" म्हणतात ते अगदीच खोटं नाही. डबा एकच, आधी कोणाचा हात जातो एवढंच.

आता कायदा. सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ चा, १ मार्च २०१७ पासून लागू. (दापोलीचं कृषी विद्यापीठ, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ यांचे कायदे वेगळे, तुझं त्यातलं असेल तर तिकडची कलमं काढ.) कलम ८ प्रमाणे नवीन पद निर्माण करायला शासनाची आधी मान्यता लागते. पण त्याच कलमात फटही आहे, स्वयंअर्थसहाय्यित कोर्सच्या फीतून वगैरे ठराविक मुदतीसाठी पदं काढता येतात. सगळे घुसतात ते या फटीतून. आणि व्यवस्थापन परिषदेची बैठक लांब असली की कलम १२(७), म्हणजे तातडीची बाब म्हणून कुलगुरू निर्णय घेतात आणि मग तो संबंधित प्राधिकरणाला कळवतात. आमच्याकडे त्याला नुसतं "बारा-सात" म्हणायचे. खरं ते पूर, पेपरफुटी अशा वेळेसाठी. आमचे एक साहेब चहा गार व्हायच्या आत बारा-सात लावायचे.

तर माहिती अधिकार टाक. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, महाराष्ट्राच्या नियमात तसंच आहे. ३० दिवस थांब, नाही दिलं तर पहिलं अपील, त्याला वीस रुपये. त्या गृहस्थाचं नाव कुठेही घालू नको. त्याची सर्टिफिकेटं, त्याचा अनुभव मागितलास की माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) दाखवून "वैयक्तिक माहिती" म्हणून परत पाठवतील, २०१२ चा सुप्रीम कोर्टाचा देशपांडे निकाल जोडून. पदाबद्दल विचार, पद कोणाचं वैयक्तिक नसतं.

आतून_आलेला

मी शिव्या खाणार हे माहीत आहे पण लिहितो. मी असाच लागलो, दुसरीकडे, मामांच्या शब्दावर. पहिले सहा महिने कोणी डबा खायला बोलावलं नाही. काम मात्र मी शिकलो, आणि आज माझ्याशिवाय आमच्या विभागात पीएचडीची फाईल कोणाला सापडत नाही. सगळे भाचे बिनकामाचे नसतात.

आणि कारकूनभाऊ, राग मानू नका, तुम्ही सात वर्षांपूर्वी कसे लागलात? जाहिरात होती?

खाडीकाठचा_कारकून

राग नाही. खोटं कशाला बोलू, जाहिरात नव्हती. काकांनी तेव्हाच्या एका सदस्याला फोन केला, सोमवारी या म्हणाले, सोमवारी गेलो. साडेसात हजारावर. कालपासून तेच डोक्यात आहे की मी बोंबलतोय तो अन्यायासाठी की एसीसाठी.

कोर्टाची_पायरी

मी वकील नाही, नऊ वर्षं रोजंदारी केसमध्ये फिरतोय म्हणून माहीत. परमनंटचं थोडक्यात: २००६ चा उमादेवी निकाल, मागच्या दाराने आलेल्याला नुसती वर्षं झाली म्हणून कायम करता येत नाही. मंजूर रिक्त पदावर कोर्टाच्या स्टेशिवाय दहा वर्षं झालेल्यांना एकदाच सवलत होती, ती पण तेव्हाची. तुमचा काकांचा फोन इथे नडणार. पण डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो केसमध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्रीय जल आयोगाच्या सफाई कामगारांना कायम करायला लावलं आणि उमादेवीची ढाल करून वर्षानुवर्षं लोकांना राबवू नका असं सुनावलं, त्यामुळे दार अगदीच बंद नाही. तुमच्या सगळ्या ऑर्डरी, मस्टरच्या झेरॉक्स, एक दिवस खंडाच्या तारखा जपून ठेवा, ऑफिसात नको, घरी ट्रंकेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले असाल तर हायकोर्टाची मुंबईची वारी वाचली, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. तरी घाट चढायचाच आहे.

२०२३ ला नऊ खासगी एजन्स्यांकडून कंत्राटी भरतीचा जीआर आठवतो? सप्टेंबरात काढला, ऑक्टोबरात रद्द केला, आम्ही पेढे वाटले. मला अजून महिन्याला ऑर्डर येते ती कंत्राटीच.

तीन महिन्यांच्या पगाराचं आधी लेखी द्या आणि आवक नंबर घ्या. भाच्याचं नंतर.

निवृत्त_अधीक्षक

पगाराचं आधी, हे बरोबर सांगितलंत. आणि अधिसभेवर (सिनेटवर) पदवीधरांचे दहा निवडून आलेले असतात, त्यातला एखादा गाठ. मार्चमध्ये बजेट अधिसभेपुढे येतं, तिथे प्रश्न त्याने विचारायचा, तुझं नाव कशाला हवं. फक्त त्याचा माणूस मागच्या खेपेला लागला नाही म्हणून चिडलेला असेल तर सांभाळून, तो प्रश्न विचारेल आणि पुढच्या जाहिरातीच्या वेळी गप्प बसेल.

खाडीकाठचा_कारकून

पगाराचं पत्र आज दिलं, आवक नंबर घेतला, घेताना आवकवाल्या बाईंनीच विचारलं "माझं पण यात टाकतोस का?", तर आता अकरा सह्या आहेत. माहिती अधिकाराचा मसुदा खाली, बघा जरा:

"विशेष कार्य अधिकारी या पदास (१) मान्यता देणारा शासन निर्णय अथवा व्यवस्थापन परिषदेचा ठराव, क्रमांक व दिनांकासह, (२) पदाची अर्हता निश्चित करणारी टिपणी, (३) मानधन ज्या लेखाशीर्षातून दिले जाते त्याचे नाव व चालू वर्षातील तरतूद, (४) निर्णय कलम १२(७) खाली झाला असल्यास प्राधिकरणास कळविल्याचा अहवाल, यांच्या प्रती मिळाव्यात."

माझ्या नावाने नको म्हणून मामाच्या नावाने टाकतोय, गावच्या पत्त्यावर.

निवृत्त_अधीक्षक

मसुदा चांगला आहे. मामा कुठल्या पतसंस्थेत नाहीत ना?