फोर व्हील ड्राइव्ह असली तरी विंटर टायर लागतातच का?

‘गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे, मग वेगळे विंटर टायर कशाला?’ प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गफलत आहे. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून छान निघते. थांबताना आणि वळताना मात्र सगळी भिस्त रबरावर. ब्रेक काय, साध्या गाडीतही चारही चाकांना असतातच की!

मुळात मुद्दा बर्फापेक्षा थंडीचा आहे. पारा साधारण ७ अंशांखाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं, विंटरचं नरम राहतं. विंटर टायरच्या नक्षीतल्या ठोकळ्यांवरून नख फिरवून बघा, बारीक बारीक चिरा लागतील. बर्फाला धरतात त्या ह्याच. उन्हाळ्यात मात्र हेच टायर भराभर झिजतात.

ऑल-सीझन, म्हणजे बारमाही टायर, ही तडजोड. वर्षाकाठी चार-सहा दिवस बर्फ आणि रस्ते लगेच साफ होत असतील तर पुरे. फक्त टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, हे चिन्ह बघून घ्या. नुसत्या ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) या खुणेला भुलू नका, त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही.

आणि पैसे वाचवायला दोनच टायर बदलू नका. मी केलाय तो शहाणपणा. पुढे विंटर, मागे जुने. उतारावरच्या वळणावर गाडीची मागची बाजू अशी सरकली की मागे भांडत बसलेली पोरं एकदम चिडीचूप. तेव्हापासून चारही एकदम घेतो, आणि नक्षीची खोली ४ मिमीवर आली की बदलतो, कायद्याची मर्यादा बऱ्याच देशांत १.६ असली तरी.