अमेरिकेतल्या नगरसभांमध्ये प्रार्थना असावी का?

उंबरठा:
पक्षाच्या मेळाव्यात प्रार्थना झाली की 'धर्म आणि राज्य वेगळे कुठे राहिले?' अशी ओरड होते. ती चुकीच्या ठिकाणी होते. पक्ष खासगी संस्था आहे. सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये, असं सांगणारी पहिली घटनादुरुस्ती (१७९१ पासून लागू) सरकारला बांधते, पक्षाला नाही. २०२४ च्या रिपब्लिकन अधिवेशनात पक्षाच्या नेत्या हरमीत ढिल्लों यांनी अरदास (शीख प्रार्थना) म्हटली, त्यात घटनाभंग काहीच नव्हता.

माझा आक्षेप सरकारी सभेला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीस नगरात १९९९ पासून मासिक सभेची सुरुवात प्रार्थनेने होऊ लागली. नगराचे कर्मचारी स्थानिक प्रार्थनास्थळांची यादी पाहून, प्रार्थनेला कुणी येईल का, असं विचारायला फोन करत. २००७ पर्यंत आलेले सगळे धर्मगुरू ख्रिस्तीच. ते सभा चालवणाऱ्या नगरमंडळाकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून प्रार्थना म्हणत. काही जण लोकांना उभं राहायला सांगत. त्याच सभेत नागरिक जमिनीच्या वापराबद्दलचे अर्ज घेऊन येतात. ज्यांच्याकडे काम अडलंय, त्यांच्या डोळ्यांदेखत एकटंच बसून राहायची हिंमत किती जणांना होईल? ही प्रथा बंदच व्हायला हवी.

टिपणवही:
असहमत. हेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०१४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी नगर जिंकलं. उभं राहायची विनंती पाहुण्या धर्मगुरूंची होती, मंडळाची नव्हे. मंडळानेच तसं सांगितलं असतं, न उठणाऱ्याला वेगळं काढलं असतं किंवा त्याचा परिणाम निर्णयावर होईल असं सुचवलं असतं, तर गोष्ट वेगळी, असं निकाल लिहिणाऱ्या न्या. केनेडींनी स्पष्ट लिहिलंय.

शिवाय ज्या काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) १७८९ मध्ये ही घटनादुरुस्ती मंजूर केली, तिनेच त्याच वर्षी पगारी धर्मगुरू नेमले. आपण लिहिलेल्या शब्दांचा अर्थ त्यांना कळत नव्हता, असं म्हणायचं का?

सांजवात:
टिपणवही, इतिहासाची दुसरी बाजूही सांगा. १७७४ मध्ये फिलाडेल्फियात वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसमध्ये पहिल्या प्रार्थनेचा प्रस्ताव आला, तेव्हा न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जॉन जे यांनी विरोध केला होता: आपण इतक्या पंथांचे, एकत्र प्रार्थना कशी करणार? सॅम्युएल ॲडम्स यांनी समजूत काढली, पण हरकत पहिल्या दिवसापासूनची आहे.

ग्रीसमध्ये खरा घोळ यादीत होता. हद्दीतली प्रार्थनास्थळं जवळपास सगळी ख्रिस्ती; सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) हद्दीबाहेर, म्हणून यादीतच नाहीत. तिथे जाणारे लोक मात्र नगराचेच रहिवासी! न्या. कागन यांचं असहमतीचं मत प्रार्थना बंद करा असं म्हणतच नाही. धर्मगुरूंना 'सर्वांना सामावून घ्या' असं आधी कळवा किंवा अनेक धर्मांचे लोक बोलवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

टिपणवही:
यादी रुंदावणं मान्य. पण 'सर्वसमावेशक' मजकूर कोण ठरवणार? नगराचा कारकून प्रार्थनेत काटछाट करायला बसला, तर ती धर्मातली मोठी ढवळाढवळ.

आणि बंदीने नुकसान अल्पसंख्याकांचंच. १२ जुलै २००७ ला हिंदू पुरोहित राजन झेद यांनी अमेरिकी सिनेटमध्ये पहिली हिंदू प्रार्थना म्हटली, ती प्रथा होती म्हणूनच.

उंबरठा:
त्याच प्रार्थनेत प्रेक्षक सज्जातून आरडाओरडा झाला आणि तिघांना अटक करावी लागली, हे का गाळता? तिथे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांना वर्षातून एकदा पाहुण्याचं आमंत्रण नको, बरोबरीचं नागरिकत्व हवं.

मजकुराचा मुद्दा मात्र पटला. म्हणून सोपा बदल सुचवतो: प्रार्थना सभा सुरू होण्याआधी १० मिनिटं, तोंड मंडळाकडे, 'उभे राहा' नाही आणि म्हणणारा मंडळाचा सदस्य नाही. शेवटच्या मुद्द्यावर न्यायालयंच दुभंगलीत. सदस्यच प्रार्थना म्हणत, अशा दोन प्रकरणांत २०१७ मध्ये उत्तर कॅरोलिनातली रोवन काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) हरली आणि मिशिगनमधली जॅक्सन काउंटी जिंकली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्हींत हात घातला नाही.

सांजवात:
सभेआधीची प्रार्थना चालेल. त्यापेक्षा एक मिनिट मौन बरं, पण ठराव जपून लिहा. अलाबामाचा शाळांमधल्या मौनाचा कायदा १९८५ मध्ये रद्द झाला, कारण प्रार्थना शाळेत परत आणणं हाच हेतू असल्याचं तो मांडणाऱ्याने स्वतःच नोंदवलं होतं.