९० मिनिटांत पिंक फ्लॉइड: तुमची कॅसेट कशी भराल?

ऊनसावली
काल भाच्याच्या फोनवर गाणी चालू होती. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचं 'ब्रेन डॅमेज' संपत आलं, आता अल्बममध्ये त्याला जोडूनच असलेलं 'एक्लिप्स' येणार म्हणून मी सरसावून बसलो आणि भलतंच कुठलंतरी नाचाचं गाणं कानावर आदळलं. "मामा, शफलवर आहे," म्हणे. त्याला जे बोललो ते इथे टंकत नाही.

पण त्यावरून कॉलेजातली एक भानगड आठवली. आमच्या टोळक्यातल्या एकीला पिंक फ्लॉइड म्हणजे 'शाळेवर खार खाऊन असलेले लोक' एवढंच ठाऊक. तिला वळवायचं म्हणून आम्ही तिघांनी त्यांच्या सर्वोत्तम गाण्यांची कॅसेट भरायला घेतली. ९० मिनिटांची, म्हणजे एका बाजूला ४५. गाणी निवडायला बसेपर्यंत आमची मैत्री होती. 'डार्क साइड ऑफ द मून' या अल्बममधून (१९७३) काय घ्यायचं इथपर्यंत ठीक चाललं, 'ॲनिमल्स'चा (१९७७) विषय निघाला आणि आवाज चढले.

ए बाजू शेवटी अशी ठरली: ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी, टाइम, शाइन ऑन यू क्रेझी डायमंड (पहिला अर्धा), विश यू वेअर हिअर, कम्फर्टेबली नम, अस अँड देम. सव्वाचव्वेचाळीस मिनिटांच्या आसपास. बी बाजूचं नंतर सांगतो, खरी मारामारी तिथे आहे.

तर आपापली कॅसेट सांगा. नियम दोनच. ४५ अधिक ४५, आणि गाणं मधे कापायचं नाही. हा दुसरा नियम खुद्द बँडलाही पाळता आला नाही. २००१ साली त्यांनी 'एकोज' नावाचा २६ गाण्यांचा संग्रह काढला आणि त्यात साडेतेवीस मिनिटांचं 'एकोज' छाटून साडेसोळावर आणलं. ज्याच्या नावाने मांडव घातला त्याचेच हातपाय तोडले.

तिरपागडा
सीमस. सीमस. सीमस. वेळ उरला तर परत सीमस.

रोखठोक
@तिरपागडा, कुत्रा विव्हळतो ते गाणं??? सगळा 'मेडल' अल्बम सोडून तेच सापडलं?

तिरपागडा
दोन-सव्वादोन मिनिटांचं आहे, कुठेही मावतं. आणि त्या बँडमध्ये अहंकार नसलेला एकमेव गायक तो.

पेंगुळलेली
बाळ मांडीवर झोपलंय, एका हाताने टंकतेय, चुका सांभाळून घ्या.

'द ग्रेट गिग इन द स्काय'. बाकीच्या जागेत काहीही भरा. ते गाणाऱ्या क्लेअर टोरीला धड शब्दसुद्धा दिले नव्हते, मरणाबद्दल आहे एवढं सांगून उभं केलं. रविवारचे म्हणून दुप्पट, ३० पौंड मिळाले बाईंना. सहगीतकार म्हणून नाव लागायला २००४ मध्ये कोर्टात जावं लागलं, पुढच्या वर्षी तडजोड झाली.

कळा सुरू झाल्यावर मी कानात हेच लावून घेतलं होतं. एका क्षणी वायर निघाली आणि फोनचा स्पीकर सुरू झाला. नर्स धावत आली, मग माझ्याकडे आणि फोनकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "नक्की कोण ओरडतंय?"

गप्पिष्ट
🤣🤣 पेंगुळलेली, दंडवत घ्या. बाळ कितीचं आता?

पेंगुळलेली
पाच महिन्यांचं. त्याला 'मनी'मधला गल्ला वाजतो तो आवाज आवडतो. वडिलांवर गेलंय.

जुनाट
सगळ्यांची सुरुवात १९७३ पासून होते हे बघून मौज वाटली. त्याआधी सहा वर्षं ही माणसं काय करत होती? 'आर्नल्ड लेन' आणि 'सी एमिली प्ले' ही दोन्ही १९६७ ची. तीन-तीन मिनिटांत अख्खं जग. तेव्हाचा गायक-गिटारवाला सिड बॅरेट १९६८ मध्ये बाहेर पडला आणि पुढे हे लोक आयुष्यभर त्याच्याबद्दल गाणी लिहीत बसले. माझी ए बाजू पूर्ण सिडची. बी बाजूला 'शाइन ऑन', कारण तेही त्याचंच.

माझ्या थोरल्या भावाकडे 'रेलिक्स' (१९७१) होता. तोही संग्रहच. माझी गाठ पडली ती त्यातूनच, त्यामुळे संग्रहांना नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही.

रोखठोक
आले. म्हटलं अजून कसे आले नाहीत.

जुनाट
आलो. आणि 'बाइक' या गाण्याशिवाय जाणार नाही.

शून्यवत
मी खेळणार नाही. कारण सांगतो.

हे लोक गाणी लिहीतच नव्हते, अल्बम लिहीत होते. 'ॲनिमल्स'मध्ये 'पिग्ज ऑन द विंग' सुरुवातीला अर्धं आणि शेवटी अर्धं आहे, दीड-दीड मिनिट. त्यातलं अर्धं उचलून तुम्ही काय करणार? (अवांतर: जुन्या ८-ट्रॅक कार्ट्रिजवर हे दोन तुकडे जोडलेत आणि मधे स्नोई व्हाइटचा गिटार सोलो आहे. ती फीत गोल फिरायची ना, शेवट सुरुवातीला येऊन चिकटायचा, म्हणून जोड घातला.)

ऊनसावली, तुमच्या ए बाजूतही घोळ आहे. 'अस अँड देम' संपत नाही, ते 'एनी कलर यू लाइक'मध्ये पाय टाकतं. 'विश यू वेअर हिअर'च्या आधी रेडिओची खरखर 'हॅव अ सिगार'मधून येते आणि शेवटी वाऱ्यातून 'शाइन ऑन'चा उरलेला अर्धा सुरू होतो. म्हणजे कापलंच की तुम्ही.

ऊनसावली
@शून्यवत, आम्ही हाताने आवाज हळूहळू कमी करत पॉज दाबायचो. तिघांपैकी एकाचा हात स्थिर होता, तो त्याच कामाला.

शून्यवत
म्हणजे हळूहळू कापलं.

चॉकपावडर
मी शाळेत शिकवते, त्यामुळे 'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग, तो 'आम्हाला शिक्षण नको' म्हणणारा, माझ्या कॅसेटमध्ये नसणार असं सगळ्यांना वाटतं. उलट पहिलंच तेच! आमच्या नववीच्या वर्गाला कुठून तरी ते सापडलं. ऑफ तासाला गेले तर बाकं वाजवत सगळे कोरसमध्ये, माझ्याकडे बघून. मी दारात उभी राहून पूर्ण ऐकलं, मग सांगितलं की मूळ गाण्यातला कोरसही शाळकरी पोरांचाच आहे. लंडनची इझलिंग्टन ग्रीन शाळा, १९७९, आणि पोरांना घेऊन गेले त्यांचेच संगीताचे मास्तर. दुसऱ्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते उचललं, तर तिथल्या सरकारने बंदी घातली. वर्ग एकदम गप्प. इतिहासाच्या तासाला अशी शांतता मला कधी मिळाली नाही.

बाकीची यादी रात्री. पेपर तपासायचे आहेत.

घोळक्यातला
बेसवाला वॉटर्स की गिटारवाला गिल्मर ते आधी ठरवा, मग यादी करा.

रोखठोक
झालं. मी खुर्ची ओढून बसतो.

बोटं_दुखली
गिल्मर. 'कम्फर्टेबली नम'चा शेवटचा सोलो मी सलग वाजवायला शिकत होतो. पोरं झोपली की हेडफोन लावून रोज. एक उडी अशी आहे की बोटं पोचतात पण सूर पोचत नाही. पुढे वाचनात आलं की त्याने पाच-सहा सोलो वाजवले होते आणि त्यातले चांगले चांगले तुकडे निवडून हा एक बांधला. म्हणजे तो सोलो हाच मुळात एक सर्वोत्तम संग्रह! तेव्हापासून मीही तुकड्यांत वाजवतो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

घोळक्यातला
शब्द कुणाचे त्या गाण्याचे? वॉटर्सचे. विषय संपला.

गप्पिष्ट
आणि कीबोर्डवाल्या रिक राइटला कुणी विचारायचंच नाही का? 'एकोज'चा तो पहिला टिंग. पियानोचा एकच सूर, गरगर फिरणाऱ्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला, पाण्यात थेंब पडावा तसा. तो ऐकला की मला अजून पोटात गलबलतं. 'ग्रेट गिग' त्याचं, 'अस अँड देम'ची चाल त्याची. २००८ मध्ये गेला तेव्हा मी ऑफिसात होते. शेजारच्याला सांगितलं तर "कोण, ड्रमवाला का?" असं म्हणाला. जागा बदलून घेतली मी.

बिनकामाची
माझं एकच गाणं, 'हाय होप्स'. 'डिव्हिजन बेल'मधलं (१९९४) शेवटचं.

बाबांची आवड. घंटेने सुरू होतं, घंटेनेच संपतं. पण ज्यांनी अल्बम पूर्ण ऐकलाय त्यांना माहीत असेल, ते संपल्यावर बऱ्याच शांततेनंतर एक फोनचं संभाषण आहे. मॅनेजर स्टीव्ह ओरूर्क फोन करतोय आणि गिल्मरचा सावत्र मुलगा, लहानगा चार्ली, बोलता बोलता फोन ठेवून देतो. बाबा तोवर खुर्चीत डुलक्या घेत असायचे. तो आवाज आला की डोळे न उघडता म्हणायचे, "उचला रे कुणीतरी."

संग्रहात घातलं की तो फोन जातो. म्हणून मी हे गाणं कुठल्याच यादीत टाकलेलं नाही. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली.

ऊनसावली
बिनकामाची ताई, तुमच्यासाठी नियम रद्द. फोनसकट घ्या.

पेंगुळलेली
🙏 असा फोन आहे हे माहीतच नव्हतं. आत्ता लावून ऐकलं. रडवलंत.

नवखा_आहे
कृपया कुणी सांगेल का, सुरुवात कुठून करावी? मी फक्त प्रिझमवाला टीशर्ट घातलाय.

जुनाट
१९६७.

घोळक्यातला
द वॉल.

शून्यवत
टीशर्टपासूनच करा. तो प्रिझम ज्याच्या कव्हरवर आहे तो 'डार्क साइड', दिवे बंद, ४३ मिनिटं, मधे उठायचं नाही, फोन लांब.

तिरपागडा
सीमस.

ऊनसावली
बी बाजू: एकोज, डॉग्ज, सी एमिली प्ले. संपली.

साडेतेवीस अधिक सतरा अधिक तीन. तीनच गाणी! त्या बिचारीने कॅसेट परत करताना काय सांगितलं? "शेवटचं छोटं गाणं मस्त आहे, बाकीच्यांत मधे मधे कॅसेट बिघडली होती का?" तो 'एकोज'च्या मधला वाऱ्याचा आणि किंकाळ्यांचा भाग. 'डॉग्ज' निवडणारा मित्र त्यानंतर बरेच दिवस आमच्याशी बोलत नव्हता, तिच्याशी मात्र बोलायचा. पुढे लग्न केलं दोघांनी.

गप्पिष्ट
आँ! हे शेवटी सांगतोस? धागा यावर काढायचा होता!

घड्याळजी
आमचं उलटं. ही 'टाइम' सुरू झालं की दुसऱ्या खोलीत जाते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात पहाटेच्या गजराला मी तेच लावलं होतं. गाण्याच्या सुरुवातीला वाजणारी ती सगळी घड्याळं रेकॉर्डिंग इंजिनियर ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून रेकॉर्ड केली होती, हे मी तिला त्याच पहाटे समजावून सांगत होतो. अजून ऐकवते.

अवांतर: जुन्या कॅसेट काढल्यात, आवाज गढूळ येतोय. डेकचं काय करू?

बोटं_दुखली
आधी हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापूस काडीला गुंडाळून. नाही फरक पडला तर कॅसेटमधला फेल्टचा चौकोनी तुकडा बघा, फितीच्या मागे असतो तो. सुटून पडतो. दुसऱ्या टाकाऊ कॅसेटमधला काढून चिकटवता येतो. आणि आधी एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्या.

घड्याळजी
तुकडा सुटलाच आहे! डबीत सापडला. धन्यवाद.

शून्यवत
खेळणार नव्हतो, पण एक आठवलं. १९८१ मध्ये त्यांच्या एका संग्रहाचं नाव होतं 'अ कलेक्शन ऑफ ग्रेट डान्स साँग्स'. ज्या बँडवर आजवर कुणी नाचलं नाही, त्यांचा! त्यात 'मनी' परत रेकॉर्ड केलंय, कारण मूळ गाणं वापरू द्यायला अमेरिकेतली आधीची कंपनी तयार नव्हती. जवळजवळ सगळी वाद्यं गिल्मरने एकट्याने वाजवली, सॅक्सोफोनला तेवढा मूळचाच डिक पॅरी. पैशावरचं गाणं पैशाच्या भांडणात परत वाजवावं लागलं. असा संग्रह असेल तर मी घेतो.

ऊनसावली
म्हणजे भाच्याचं नाचाचं गाणं बरोबरच होतं म्हणायचं.

चॉकपावडर
पेपर झाले. ए बाजू: अनदर ब्रिक २, मदर, हे यू, टाइम, ग्रेट गिग, मनी, विश यू वेअर हिअर. बी बाजू: शाइन ऑनचा पहिला अर्धा, शीप, हाय होप्स (फोनसकट), लर्निंग टू फ्लाय... आणि 'डॉग्ज' बसत नाहीये. १२० मिनिटांची कॅसेट चालेल का?

बोटं_दुखली
१२० ची फीत फार पातळ असते, ताणते आणि अडकते. घेऊ नका.

ऊनसावली
आणि नियम म्हणजे नियम.

चॉकपावडर
बरं, मग 'शीप' काढते.

घोळक्यातला
हात लावून दाखवा.