‘उपशीर्षकांसह’ की ‘मराठी पट्टीसह’?

प्रश्न वसईचा आहे. प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या लेंटमध्ये) धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये, ख्रिस्तजीवनावरचा परदेशी चित्रपट दाखवायचा, तर फलकावर ‘भाषांतरित’ लिहावं की ‘उपशीर्षकांसह’?

‘भाषांतरित’ नकोच. डब केलेल्या चित्रपटातही भाषांतर असतं आणि खाली ओळी येतात त्यातही. ‘उपशीर्षक’ रूढ आहे, पण वर्तमानपत्रवाले मथळ्याखालच्या मथळ्यालाही तेच म्हणतात. आपल्याकडे माणसं ‘खाली पट्टी येते’ असंच बोलतात. मग ‘मराठी पट्टीसह’ किंवा ‘मराठी आवाजात’ असं सरळ लिहावं.

आता दोन्हींतलं काय निवडावं? २००४चा ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ अरामी, हिब्रू आणि लॅटिनमध्ये आहे. दिग्दर्शक मेल गिब्सनला आधी पट्टीसुद्धा नको होती. हा चित्रपट डब केला तर त्याचा प्राणच जाईल. पट्टीवरही डोळे झाकून विसंबू नये म्हणा: मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २७व्या अध्यायातलं, येशूला क्रुसावर द्या म्हणणाऱ्या जमावाचं ‘त्याचं रक्त आमच्यावर’ हे वाक्य अरामीत ऐकू येतं, पट्टीतून मात्र ते गाळलेलं आहे.

याउलट लूकच्या शुभवर्तमानावरचा १९७९चा ‘जीझस’ २,०००हून अधिक भाषांत डब झाला, मराठीतही. ज्यांना भरभर वाचता येत नाही, चष्मा लावूनही पट्टी पकडता येत नाही, त्या आजी-आजोबांसाठी मराठी आवाजच हवा. मात्र शब्द आपले हवेत. वसईचे कॅथलिक ‘स्नानसंस्कार’ म्हणतात आणि पडद्यावरचा योहान ‘बाप्तिस्मा’ देतो. अर्थ कळतो, पण आपलेपणा तुटतो. दाखवण्याआधी कुणीतरी उभं राहून असे चार-पाच शब्द सांगितले तरी पुष्कळ.

आणि डब करणाऱ्यांना एक मनापासून सांगणं आहे. मार्कनं शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिलं, तरी याइराच्या मुलीला उठवताना येशूचे ‘तलीथा कूम’ हे अरामी शब्द तसेच ठेवले आणि लगेच अर्थ दिला: ‘मुली, मी तुला सांगतो, ऊठ.’ क्रुसावरच्या ‘एलोई, एलोई, लमा सबख्थनी’चंही (‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’) तसंच. मराठी बायबलमध्येही हे शब्द जसेच्या तसे आहेत. तेव्हा बाकी सगळं खुशाल मराठीत बोलू द्या, पण एवढी वाक्यं मूळ अरामीत ठेवून खाली मराठी पट्टी द्या.