मदत हवी आहे : पेशंटशी दोन शब्द धड बोलणं जमेना झालंय

नमस्कार. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली, नाशिकमध्ये एका खाजगी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला नऊ वर्षं आहे.

परवा सुरगाण्याकडच्या एक आजी चौथ्यांदा विचारत होत्या, "बाई, सलाईन संपत आलं का?" मी औषधांच्या ट्रेवरून मानही वर न करता म्हणाले, "संपल्यावर येते." त्यांनी माझ्या मनगटाकडे नेलेला हात तसाच मागे घेतला आणि चादरीची कड सारखी करत बसल्या. ड्युटी संपल्यावर पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना मला त्यांचं नाव आठवेना, "बारा नंबर" एवढंच तोंडातून गेलं. पूर्वी मी त्यांना पडणारे थेंब दाखवून अजून किती वेळ लागेल ते सांगितलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम!

मॅस्लाक आणि जॅक्सन यांनी १९८१ साली बर्नआउट, म्हणजे कामाने आतून पार थकून जाणं, मोजायची जी प्रश्नावली केली, तिच्यात थकव्याइतकंच महत्त्व माणसाकडे वस्तूसारखं बघायला लागण्याला आहे. ते वाचून घाबरले, कारण ते 'बारा नंबर' तेच होतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. मग माझ्या एकटीच्या स्वभावावर खापर का?

आमच्याकडे संवादकौशल्याचं एक सेशन झालं. नाईट उतरून बसलो होतो, डोळे मिटत होते, आणि समोर सांगत होते हसतमुख राहा. नाईटला तीस पेशंटमागे दोघी, त्यातली एक रजेवर. तरीही कौशल्य शिकायची माझी तयारी आहे, हे मनापासून सांगते. डॉक्टरांना रात्री फोन करताना आधी परिस्थिती, मग पूर्वइतिहास, आपलं निरीक्षण आणि शेवटी काय हवंय, असं क्रमाने सांगायला शिकल्यापासून माझी धडधड खरंच कमी झाली. तसं काही नातेवाइकांशी बोलण्यासाठी आहे का? रात्री दोनला सहा जण काउंटरवर आरडाओरडा करतात तेव्हा पहिलं वाक्य काय बोलता? आणि इन्चार्ज सिस्टर डबल ड्युटी लावतात तेव्हा संबंध न बिघडवता नाही कसं म्हणता?

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) फोन केला होता, बोलून हलकं वाटलं. पण घरी लेक शाळेतलं सांगायला लागली की अजूनही "नंतर" म्हणते.

सोमवारपासून नाईट आहे. त्याआधी कुणी अनुभवाचं लिहिलं तर फार बरं होईल.