गाजर घ्यायचं की पपई? बालगटाच्या खाऊवरून सोसायटी ग्रुपवर (नेरुळ)

ए-५०२ : शनिवारी गार्डनमध्ये बालगटाला खाऊ द्यायचाय. ३ ते ८ वयाची १५ मुलं. उद्या वाशीहून माल येईल. गाजर की पपई? दोन्ही केशरी, म्हणजे दोन्हीत जीवनसत्त्व ‘अ’ असणारच. मग जे स्वस्त पडेल ते सांगू का?

सी-२०१ (आहारतज्ज्ञ) : थांबा वहिनी, रंगावर जाऊ नका. १०० ग्रॅम कच्च्या केशरी गाजरात बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर जीवनसत्त्व ‘अ’ बनवतं तो केशरी रंग) ८,३०० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, पिकल्या पपईत २७० च्या आसपास. बाकीची कॅरोटीनं धरून शरीराला मिळणारं जीवनसत्त्व ‘अ’ काढलं तर गाजर ८३५ आणि पपई ४७ मायक्रोग्रॅम. ‘क’ मध्ये मात्र उलटं आहे. पपईत ६० मिलिग्रॅम, गाजरात जेमतेम ६. एकाचं काम दुसरं करत नाही, म्हणून भावावर ठरवू नका.

डी-७०४ (डॉक्टर) : ताईंचे आकडे बरोबर आहेत, पण १०० ग्रॅम मोजून कोण खातं? घरात एका वेळी खातो तेवढं धरू. मध्यम गाजर ६० ग्रॅम, पपईच्या फोडींची वाटी १५० ग्रॅम, तीही सालं-बिया काढून. एका गाजरातून ‘अ’ मिळतं ५०० मायक्रोग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत बाईला दिवसाला ८४० लागतं, म्हणजे निम्म्याहून जास्त झालंच. वाटीभर पपईतून ‘क’ मिळतं ९० मिलिग्रॅम. पुरुषाची गरज ८०, बाईची ६५, म्हणजे दिवसाचं सगळं भागलं.

ई-६०३ : हिवाळ्यातल्या लाल गाजराचं काय? तेच जास्त पौष्टिक ना?

सी-२०१ : गोड जास्त लागतं. पण त्याचा लाल रंग बराचसा लायकोपीनचा, टोमॅटोत असतं तेच. लायकोपीनपासून जीवनसत्त्व ‘अ’ बनत नाही. ‘अ’ साठी बारमाही केशरी गाजर सरस, हलव्यासाठी लाल.

बी-१०३ : मी मुलीला रोज डब्यात गाजराच्या काड्या देते. तेवढं पुरतं ना?

सी-२०१ : खरी मेख इथेच आहे. गाजरातलं कॅरोटीन कडक पेशीभित्तीच्या आत स्फटिकासारखं अडकलेलं असतं. नुसत्या कच्च्या काड्या चावल्या तर त्यातलं थोडंच अंगी लागतं. पपईत ते मऊ गरात आणि सहज सुटणाऱ्या रूपात असतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पपईतलं बीटा कॅरोटीन कच्च्या गाजराच्या जवळपास तिप्पट शोषलं गेलं. तरी गाजरात मुळातच तीसपट असल्यामुळे गाजरच पुढे राहतं, फक्त ते अंगी लागेल असं द्यायला हवं. त्यासाठी किसा किंवा वाफवा, आणि सोबत स्निग्ध पदार्थ हवाच. एका जेवणात ३ ते ५ ग्रॅम पुरे, म्हणजे चमचाभर तेल.

डी-७०४ : आणि चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना कच्ची काडी देऊच नका. तुकडा घशात अडकतो. बारीक किसून द्या, नाहीतर बोटाने चेपेल इतकं वाफवून. सेंटीमीटरभर जाडीचे तुकडे ७-८ मिनिटांत होतात.

बी-१०३ : आणि चष्म्याचा नंबर? गाजराने उतरतो म्हणतात.

डी-७०४ : नाही उतरत. नंबर बुबुळाच्या आणि डोळ्याच्या आकारामुळे येतो, त्याला गाजर काय करणार? ‘अ’ कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, डोळे कोरडे पडतात. लहान मुलांना ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत ‘अ’ चे ९ डोस देतात ते त्यासाठीच. कोणाच्या मुलाचे राहिले असतील तर आधी ते पूर्ण करून घ्या.

ए-११०१ : मला किडनीसाठी पोटॅशियम कमी करायला सांगितलंय. इंटरनेटवर गाजरात ३२० आणि पपईत १८० दिसतं. मग पपई बरी ना?

डी-७०४ : काका, ते १०० ग्रॅमचे आकडे आहेत. एका गाजरात १९० मिलिग्रॅम येतं, वाटीभर पपईत २७० च्या वर. म्हणजे तुमच्या ताटात पपईचंच जास्त. गाजर चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी टाकून द्या, पोटॅशियम कमी होतं. किती खायचं ते तुमचा रिपोर्ट बघून तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

ई-६०३ : ज्यूस केला तर? मुलं पटकन पितात.

सी-२०१ : गाळलात की चोथ्याबरोबर तंतू गेले आणि कॅरोटीनही थोडं गेलं. पपईचा मिल्कशेक करणार असाल तर लगेच संपवा. पपईतलं पपेन दुधातली प्रथिनं तोडतं, ठेवला की कडू होतो. फाफड्याबरोबर कच्च्या पपईचा संभारो (परतलेला कीस) खाऊन ‘अ’ मिळेल असंही समजू नका, हिरव्या पपईत तो रंग तयारच झालेला नसतो.

ए-५०२ : मग दोन्ही आणू. किती आणायचं तेवढं सांगा.

सी-२०१ : गाजर १ किलो, केशरी. सोलून किसा. २ मोठे चमचे तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी आणि १०० ग्रॅम दाण्याचं कूट. दोन्ही मिळून मुलामागे ५ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश होतो. कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते आजच ग्रुपवर विचारा. असेल तर कुटाऐवजी १०० ग्रॅम ओलं खोबरं. मीठ आणि लिंबू वाढायच्या वेळी, आधी घातलं की कोशिंबीर पाणी सोडते.

ई-३०५ (फळांचा गाळा, एपीएमसी) : पपई अडीच किलो लागेल. सालं-बिया जाऊन दीड किलो गर, म्हणजे मुलामागे १०० ग्रॅम. शुक्रवारी घेऊन शनिवारी कापायची तर तीन चतुर्थांश पिवळी झालेली आणि देठाजवळ दाबल्यावर किंचित दबणारी घ्या. सगळीकडून एकसारखी पिवळी पण हाताला कडक आणि वास नाही, ती घेऊ नका, कार्बाइडने पिकवलेली असू शकते. रात्री कागदात गुंडाळून बाहेरच ठेवा, अर्धी कच्ची फ्रिजमध्ये गेली तर नीट पिकत नाही.

ए-५०२ : गाजरंही पपईशेजारीच ठेवली तर चालतील?

ई-३०५ : नको वहिनी. पिकत्या फळातून इथिलीन वायू सुटतो, त्याने गाजर कडवट होतं. पाला मुरगळून काढा, गाजरं पुसून पिशवीत घाला आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. पपई शनिवारी वाढायच्या तासभर आधी कापून झाकून ठेवा. कापलेली दोन तासांहून जास्त बाहेर राहिली तर मुलांना देऊ नका.